सोमवारची गोळी

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमचं कॉलेज आम्हाला सोलापूरच्या आसपासच्या गावांत घेऊन जायचं. औषधं कशी घ्यावीत, कशी ठेवावीत, एकाची दुसऱ्याला का देऊ नयेत, हे लोकांना सांगायचं. त्या फेब्रुवारीत वळसंगची पाळी होती. अक्कलकोट रस्त्याला दोन्ही अंगांनी ज्वारी उभी होती, कुठं कुठं काढणी सुरू झाली होती, आणि बसमध्ये आमची पोरं घसा खरवडून घोषणांची तालीम करत होती. 'अर्धवट डोस, आजाराला जोश' ही त्यातली एक. यमक जुळलं म्हणून ठेवलेली. तिचा अर्थ कुणाला नीट सांगता येत नव्हता, पण म्हणायला बरी होती.

देवळासमोरच्या मंडपात आम्ही नाटिका केली. माझी मैत्रीण म्हातारा झाली होती. डोक्याला टॉवेल गुंडाळून, गुडघे धरून ती शेजाऱ्याच्या गोळ्या खायची आणि मग चक्कर येऊन पडायची. ती पडली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसले म्हणजे त्यांना कळलं, असं आमचे सर म्हणायचे. मला तसं वाटायचं नाही. मुळात माझा स्वभावच चुळबुळा. खोलीला कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ते ओढून बघणार. जेऊरला घरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी अन् डोक्यालाही.

मला आवडायचा तो नाटिकेनंतरचा भाग. लोकांना आम्ही आधीच सांगून ठेवलेलं असायचं की घरात असतील नसतील ती औषधं घेऊन या, आम्ही बघून देतो. मग कॅरीबॅगा यायच्या, बिस्किटाचे पत्र्याचे डबे यायचे. चिकट झालेल्या खोकल्याच्या बाटल्या, कधी फोडले ते आठवत नाही असे डोळ्यांचे थेंब. एका बाईंनी सासऱ्यांच्या गोळ्या आणल्या होत्या. सासरे कुठं आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "ते गेले की दिवाळीत. पर गोळ्या चांगल्या हायत, टाकू कशाला?"

त्या गर्दीतच एक सून माझ्यासमोर आली. तिशीच्या आतबाहेरची, हातात स्टीलचा गोल डबा. मागं भिंतीला टेकून तिची सासू बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीचं लिंग, आणि हाताची बोटं सांध्यांत सुजून एका बाजूला कललेली. आमच्यातल्या कुणीतरी आज्जींना चहा दिला. त्यांनी ओठाला लावला आणि चेहरा कसनुसा करून कप खाली ठेवला.

"गोड नाही का झाला?" मी विचारलं.

"तोंड आलंय त्यांचं," सून म्हणाली. तिच्या मराठीला कन्नडचा हेल होता. "लई दिस झालं. काय खाईनात." मग तिनं डबा उघडला आणि एक पाकीट पुढं केलं. "ताई, ही संपत आली. रोजची हाय. दुसरी आनू का?"

पाकीट कसलं, कापून कापून उरलेला तुकडा होता तो. नाव लिहिलेला भाग केव्हाच गेला होता. त्यात एक बारीक पिवळी गोळी. डब्यात दुसरं एक पाकीट दिसत होतं, जवळजवळ भरलेलं, त्यातल्याही गोळ्या पिवळ्याच. मी ते उचलायला हात घातला आणि तेवढ्यात स्पीकर किंचाळला. गावातल्या मंडळींचा सत्कार, नारळ, शाल, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. सर नाव घेऊन बोलवायला लागले. "आलेच," असं मी तिला म्हटलं. फोटो होऊन परत आले तर भिंतीजवळ कुणी नव्हतं. म्हशीची वेळ झाली म्हणून त्या गेल्या, असं शेजारच्या बाईनं सांगितलं.

बस सुटली. पोरं गाणी म्हणायला लागली. मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि त्या दोन पाकिटांमागंच माझं मन फिरायला लागलं. वाकडी बोटं म्हणजे सांध्यांचा आमवात. त्यावर एक गोळी देतात, मेथोट्रेक्झेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदा घेतली तर सांध्यांची सूज आटोक्यात ठेवते. रोज घेतली तर शरीरात नव्या पेशी तयार व्हायच्याच थांबतात. आधी तोंड सोलून निघतं, मग पोट, मग रक्त. तिच्यासोबत बाकीच्या दिवशी घ्यायला दुसरी साधी गोळी देतात, फॉलिक ॲसिड, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. आणि दोन्ही पुष्कळदा पिवळ्याच असतात, डाळीएवढ्या.

रोजची संपत आली होती. दुसरी भरलेली होती. हे बरोबरच होतं की. रोजची आधी संपणारच. प्रश्न एवढाच होता की रोजची कुठली होती.

मी उठून पुढं गेले. सर ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"नाव वाचलंस?"

"नाव कापलेलं होतं, सर. दुसरं हातात घेणार तेवढ्यात तुम्ही बोलावलं."

"अगं, पिवळ्या गोळ्या बाजारात ढिगानं असतात. आणि तोंड उन्हानंही येतं, जागरणानंही येतं. नक्की माहीत नसताना कुणाला घाबरवायचं नाही. लोक चांगली औषधंही सोडून बसतात मग."

ते बरोबर बोलत होते. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि बरोबर बोलण्याचा मला काही उपयोग झाला नाही. सोलापूर आलं. मेसमध्ये ताट पुढं आलं आणि भाकरीचा तुकडा तोंडात घालताना मला आज्जींचा कसनुसा झालेला चेहरा दिसला. फोन करावा तर नंबर नाही, नाव नाही. मैत्रीण म्हणाली, "तू जेव आधी. मग बघू." ती अक्कलकोटची, घरी कन्नड बोलणारी, शांत पोरगी. जग इकडचं तिकडं झालं तरी ताट संपवून उठणारी. मला तिचा राग आला आणि आधारही वाटला.

सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी सरच मला शोधत आले. त्यांचाही डोळा लागला नसावा, असं वाटलं. म्हणाले, "तोंड किती दिवसांपासून आलंय म्हणाली ती?"

"लई दिवस, म्हणाली."

त्यांनी घड्याळ बघितलं. "जा. तुझ्या मैत्रिणीला घेऊन जा, भाषेचं तिला जमेल. पण एक लक्षात ठेव. आपण डॉक्टर नाही. बघायचं, शंका आली तर थांबवायला सांगायचं, आणि तिथूनच मला फोन करायचा. शहाणपणा नको."

एसटी निघेपर्यंत मी स्टँडवर येरझाऱ्या घालत होते. एसटी निघाली तर मला वाटायला लागलं की ती प्रत्येक फाट्यावर मुद्दाम थांबतेय. मैत्रीण शेंगा खात होती. "चालत जाऊन लवकर पोचणार आहेस का?" तिनं विचारलं.

वळसंगला उतरल्यावर कळलं की आपल्याला जायचं कुठं ते आपल्यालाच माहीत नाही. चहाच्या टपरीवर विचारलं. "आज्जी आहेत, हाताची बोटं वाकडी आहेत त्यांची."

टपरीवाला हसला. "बाई, हितं निम्म्या आज्ज्यांची बोटं वाकडी हायत."

"काल सुनेबरोबर देवळापाशी आल्या होत्या."

"काल सगळं गावच आलतं की."

आम्ही देवळापाशी गेलो, तिथून शाळेपाशी. प्रत्येक दारात तेच सांगत होतो आणि प्रत्येक दारात बायका आम्हाला बसा म्हणत होत्या, पाणी देत होत्या, आपल्या गोळ्या दाखवत होत्या. मला बसायचं नव्हतं. शेवटी अंगणवाडीजवळ गावातल्या आशाताई भेटल्या. स्कुटी लावत होत्या.

"तोंड आलेल्या आज्जी व्हय? अगं, त्या तर कवाच्या पेजेवर हायत. चला."

घर गावाच्या कडेला होतं. सोप्यात बाजेवर आज्जी पडल्या होत्या. आदल्या दिवशी भिंतीला टेकून बसलेली बाई आज पडूनच होती. मी हात लावला तर अंग तापलेलं. आशाताईंनी सुनेला हाक मारली, पण ती ज्वारी काढायला रानात गेली होती. मुलगा पिकअप घेऊन भाड्यावर गेलेला. डबा कुठं आहे, विचारलं, तर आज्जींनी वाकड्या बोटानं वर कपाटाकडं दाखवलं. कपाटाला कुलूप होतं.

"काल तुमीच सांगितला की, पोरांच्या हाताला लागंल आसं ठिवू नका म्हनून. तवा कुलपात ठिवली तिनं. चावी तिच्या कमरंला."

आशाताईंनी सुनेचा नंबर लावला. फोन आतल्या खोलीतच वाजला. चार्जिंगला लावून गेली होती. मग आशाताई स्कुटीवरून रानाकडं गेल्या आणि आम्ही दोघी तिथं थांबलो.

मी सोप्यात इकडून तिकडं फिरत होते. कपाटापाशी जायचे, कुलूप बघायचे, दाराशी यायचे. आज्जी वैतागल्या. "बूड टेक की गं. तुला बघून माजं डोकं फिरायलंय."

मी बसले. मैत्रीण त्यांच्या उशाशी बसून कन्नडमध्ये हळूहळू बोलायला लागली. कुठलं गाव, माहेर कुठलं, दुखतंय कुठं. आज्जी तोंड न हलवता बोलत होत्या. ओठ फाटले होते, जिभेवर पांढरे चट्टे दिसत होते. पण सुनेचा विषय निघाला तशा त्या उजळल्या आणि मलाही कळावं म्हणून मराठीत बोलायला लागल्या. "एक दिस चुकवत न्हाय पोरगी. चा च्या आदी हळदी गुळगी हातावर ठिवती, पानी देती, मग रानात जाती."

हळदी गुळगी म्हणजे पिवळी गोळी. मैत्रिणीनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आणि आठवड्याची?"

"ती सोमवारी. उपासाच्या दिशी. ती बी हळदीच."

त्यांनी कूस बदलली तेव्हा पदर सरकला आणि दंडावर जांभळे डाग दिसले. कुठं लागलं, विचारलं, तर म्हणाल्या, "भांडं लागलं आसंल." इतकी भांडी कुठं लागतात माणसाला? मैत्रिणीचा हात शेंगांच्या पुडीत होता, तो तसाच राहिला. ती घाबरल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मग मला धीर धरावा लागला, कारण दोघीपैकी एकीनं तरी धरायला हवा होता.

स्कुटीचा आवाज आला. सून मागं बसून आली होती, केसांत ज्वारीचा भुसा, हातात विळा तसाच. तिनं काही न विचारता कुलूप काढलं आणि डबा माझ्या हातात दिला. आता त्यात तो कापलेला तुकडा नव्हता. नवंकोरं पाकीट होतं. "रात्री ह्यांनी आनलं सोलापूरनं. संपायच्या आदी आनलेलं बरं," ती म्हणाली. नव्या पाकिटावर नाव पूर्ण होतं. मेथोट्रेक्झेट. जुन्यातली शेवटची त्या दिवशी सकाळीच पोटात गेली होती. दुसरं, भरलेलं, फॉलिक ॲसिडचं होतं.

अदलाबदल झाली होती. सोमवारची रोज जात होती आणि रोजची सोमवारी.

मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. नाव सांगितलं, ताप सांगितला, डाग सांगितले. ते म्हणाले, "ती गोळी बंद. आत्ताच्या आत्ता सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन या. पाकिटं बरोबर आण. मी पुढं जाऊन थांबतो."

एवढं सोपं होतं ते. अवघड होतं ते आत. मी परत सोप्यात आले तेव्हा पिकअप दारात उभी राहिली. आशाताईंनी मुलालाही फोन केला होता. तो आत आला. धिप्पाड माणूस, घामेजलेला. "काय झालं आईला?"

मी म्हटलं, "अण्णा, गोळ्यांची अदलाबदल झालीय. दोन्ही पिवळ्या, दोन्ही सारख्याच दिसतात. आठवड्याची आहे ती रोज पोटात गेलीय. त्यामुळं तोंड आलंय. दवाखान्यात न्यायला पाहिजे, लगेच."

त्यानं माझ्याकडं नाही, बायकोकडं बघितलं. "तुला सांगितलं नव्हतं का मी? एक सोमवारची, एक रोजची. फोनवर सांगितलं होतं की नव्हतं?"

हातातला विळा तिनं खाली ठेवला आणि दोन्ही हात पदरात घेतले. ती नाकारत नव्हती, रडत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर एकेक सकाळ येत असावी. मला काहीतरी बोलायचं होतं, तिच्या बाजूनं, पण जे खरं होतं ते मी आधीच बोलून बसले होते आणि त्यानंतर जे काही बोलले असते ते सारवासारव वाटलं असतं.

तेव्हा बाजेवरून आज्जी बोलल्या. "तिला काय बोलायचं न्हाय. मी मागितली. हीच दे म्हनलं मी, हिनं बरं वाटतंय."

हे खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. सुनेनं मान वर करून सासूकडं बघितलं, त्या बघण्यावरून तरी ते खरं वाटलं नाही. मुलानं आईला बाजेवरून उचललं आणि गाडीत पुढं बसवलं. आम्ही तिघी मागं हौद्यात बसलो. मैत्रिणीनं सुनेच्या केसांतला भुसा काढायला सुरुवात केली, तर तिनं तो काढू दिला.

दवाखान्यात सर दारातच उभे होते. रक्त तपासलं, लगेच दाखल करून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पाकिटं बघितली आणि मला म्हणाल्या, "आजची शेवटची ठरली ते बरं झालं. रक्तातल्या पेशी फार कमी झाल्यात. उताऱ्याचं इंजेक्शन देतोय, पण दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

ते दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. कॉलेज सुटलं की वॉर्डात, वॉर्डातून होस्टेलवर. आकडे वर आले का, हे विचारायला मी इतक्या वेळा गेले की नर्सबाई म्हणाल्या, "तू नातेवाईक आहेस का?" नाही म्हटल्यावर त्या आणखीच चमत्कारिक नजरेनं बघायला लागल्या. आकडे आधी आणखी खाली गेले. ताप उतरेना. एका संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि तो जिन्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग एका सकाळी ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी आज्जींनी थंड ताक मागितलं आणि घोटभर प्यायल्या. आकडे हळूहळू चढायला लागले.

आज्जी सुधारत होत्या, पण सून सुधारत नव्हती. ती खाटेशेजारी दिवसभर बसायची, सासूचे पाय दाबायची, केस विंचरायची. विंचरताना केस मूठमूठ हातात यायचे, ते ती गुपचूप पिशवीत टाकायची. पण औषधाला हात लावायची नाही. नर्स गोळी तिच्या हातावर ठेवायला गेली की हात मागं घ्यायची. "ब्याड. नको. तुमीच द्या." साधी तापाची गोळीसुद्धा. मी समजावायला गेले, तर म्हणाली, "ताई, माज्या हातात काय तर वाईट हाय."

आणि गावात बोलायला सुरुवात झाली होती. मुलानंच सांगितलं, मान खाली घालून. सुनेनं सासूला विष दिलं, असं कुणीतरी म्हणालं होतं. आम्ही गावात औषधांबद्दल सांगायला गेलो आणि गावानं त्यातून हे उचललं. मला इतका राग आला की मी सरांसमोर जाऊन बडबडले. आपण कशाला गेलो, काय शिकवलं, नाटिकेला टाळ्या घेऊन आलो फक्त. सर शांतपणे ऐकत राहिले. "गेलो नसतो तर?" एवढंच म्हणाले. माझा राग गेला नाही.

एके दुपारी कुणीतरी केळी आणली होती, कन्नड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. सून तो कागद मांडीवर सरळ करून वाचत होती, ओठ हलवत, झरझर.

"अक्का, तुम्हाला वाचता येतं?"

"कन्नड येतं की. धाव्वी पास हाय मी. माहेर पलीकडचं न्हवं का." मग जरा थांबून म्हणाली, "मराटी न्हाय येत. तुमच्या पाटीवरचं कायच कळलं न्हाय त्या दिशी."

आमच्या पाट्या, फलक, पत्रकं. वर मराठी, खाली इंग्रजी. अर्धं गाव घरी कन्नड बोलतं आणि ते आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटावर तर इंग्रजीच, तेही मुंगीएवढं.

मी आणि मैत्रीण पांढऱ्या कागदाची पाकिटं घेऊन आलो. दर गोळीला वेगळं पाकीट, आणि त्यावर लिहायचं तिनंच, तिच्या अक्षरात. आधी ती नको म्हणाली. मैत्रीण तिच्याशी बराच वेळ कन्नडमध्ये बोलली. मला एकही शब्द कळत नव्हता आणि मधे पडता येत नव्हतं, म्हणून मी वॉर्डाच्या खिडकीचा गंज लागलेला बोल्ट उगाच वरखाली करत बसले. शेवटी तिनं पेन घेतलं. अक्षर वळणदार होतं तिचं. सकाळ, रात्र, जेवल्यावर. पेनाचं टोक कागदावर दाबून दाबून लिहीत होती.

लिहिलं, पण देईना. पाकीट समोर, पाण्याचा पेला समोर, आणि ती हात मांडीवर ठेवून बसलेली. आज्जी उशीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "तू दिलीस तर घिन. न्हायतर ठिव तितंच."

सून हलली नाही. आज्जीही हलल्या नाहीत. नर्स आली, बघितलं, "मी देऊ का?" म्हणाली. आज्जींनी हातानंच तिला जा म्हटलं. मला राहवेना. उठून ती गोळी आपणच द्यावी आणि हे संपवावं, असं मला वाटत होतं. मैत्रिणीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, चांगलं घट्ट. मग सुनेनं पाकीट उचललं. वरचं स्वतःचं अक्षर मोठ्यानं वाचलं. गोळी काढली, उलटीपालटी करून बघितली, परत पाकीट वाचलं, आणि सासूच्या तळहातावर ठेवली. आज्जींनी ती गिळली. "कडू हाय," म्हणाल्या. सून एकदम हसली आणि लगेच रडायला लागली. आज्जींनी तिला रडू दिलं.

आज्जी घरी गेल्या. ती आठवड्याची गोळी डॉक्टरांनी परत सुरू केली नाही, दुसरं औषध दिलं. बोटं वाकडीच राहिली आणि पहाटेच्या गारव्यात त्या कळवळायच्या, असं मुलगा फोनवर सांगायचा. तो आता दुकानातून औषध घेतलं की तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल लावायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, "हिला सांगा, हिला." दुकानदार वैतागायचा म्हणे.

परीक्षा संपल्यावर आम्ही पुन्हा वळसंगला गेलो. या वेळी पाट्या कन्नडमध्येही होत्या, आणि मैत्रिणीच्या म्हाताऱ्यानं कन्नडमध्येच लोळण घेतली. नाटिका काढून टाका, दारोदार बसू, असं मी म्हटलं होतं. सर म्हणाले, दोन्ही करू. गर्दी चांगली जमली, पण ती सून आली नव्हती. ज्या बायका तिच्याबद्दल काहीबाही बोलल्या असतील त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या की नाही, मला कसं कळणार? मी सगळ्यांच्याच चेहऱ्यांकडं संशयानं बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. आज्जी सोप्यात बसून हरभरा निवडत होत्या, तळहातानंच, बोटं न वापरता. मैत्रीण त्यांच्याशी गप्पा मारायला लागली. सून आतून पाणी घेऊन आली. बरी दिसत होती, जरा वाळली होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बसची वेळ झाली, सरांचा फोन येऊन गेला. मी उठले.

ती दारापर्यंत आली आणि मग मला खुणेनं परसात बोलावलं. पदराच्या गाठीतून तिनं एक पाकीट काढलं. दुखऱ्या अंगावर घेतात त्या गोळ्यांचं, निम्म्याहून जास्त रिकामं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माजी. डोस्कं दुकतं. दवाखान्यातनं आल्यापास्नं रोजच. टपरीवर मिळती." तिनं दाराकडं बघितलं. "सकाळी एक, रानातनं आल्यावर एक. कवा कवा रात्री बी. घरात म्हाईत न्हाय."

"अक्का, पोटात जळतं का?"

"जळतं की," ती म्हणाली, जणू त्यात विचारण्यासारखं काय होतं.

रस्त्यावर आमच्या बसचा हॉर्न वाजत होता. मी सरांना फोन करून सांगितलं की तुम्ही पुढं व्हा, आम्ही एसटीनं येतो. मग परसातल्या दगडावर बसले, तिलाही शेजारी बसवलं आणि विचारायला लागले, पहिल्यापासून.